भुवईतले काटे

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढे मी एक जुने भिंग आहे. एका कारागिराने आठवडाभर घासून मला गोलाई दिली आणि पितळी कड्यात बसवले. त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या खिशातून मी वर्षानुवर्षे हिंडले. पुढे दिव्याचा कॅमेरा आला आणि मी खणात गेले, टाचण्यांच्या डबीशेजारी.

एके सकाळी एक शिंपी आला, सोबत थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला आपले एक मूत्रपिंड दिले होते. शरीराने ते परके समजून हाकलू नये, म्हणून तो प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होता. आता त्याचे नाक आणि गाल लालबुंद झाले होते. वारा लागला तरी आग होई. तीन मलमे लावून झाली होती.

बाईंनी कॅमेरा त्वचेवर टेकवला. लालीशिवाय काही दिसेना.

मग त्यांनी खण उघडला. शिंप्याला खिडकीशी तिरप्या उजेडात बसवून मला त्याच्या भुवईवर धरले. मी थक्क झाले. केसांच्या मुळाशी पांढुरके काटे उभे होते, सुईच्या टोकाएवढे, छिद्रागणिक एक. कॅमेऱ्याच्या काचेखाली ते आडवे पडत होते.

"लाली तर नाकावर जास्त, मग तिथे काटे कसे नाहीत?" बाईंनी विचारले.

"राहतील कसे?" बहीण म्हणाली. "इथे यायचं म्हणून यानं टाचा घासायच्या वजरीनं तोंड घासलंय."

"गिऱ्हाइकं बघत राहतात गं, ताई. सवय झाली."

"डॉक्टर काय तुझं गिऱ्हाईक आहेत?"

बाईंनी भुवईजवळचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निदान दुर्मीळ निघाले. तुमच्यातल्या बहुतेकांच्या अंगात गुपचूप राहणारा एक विषाणू, औषधांनी प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्याला झोपवल्यावर जागा झाला होता. औषध कमी केले तर काटे जातील, पण मूत्रपिंडही जाऊ शकेल. इकडे आड, तिकडे विहीर.

"राहू देत काटे," शिंपी म्हणाला. "ताईची किडनी नाही घालवायची मला."

"तू तोंड लपवून बसावंस म्हणून दिली का मी ती?" बहीण बाईंकडे वळली. "कमी करा. पण जपून हं, माझी वस्तू आहे."

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलून एकच औषध थोडेसे कमी केले. विषाणूवरचे मलम सुरू झाले, वजरी बंद झाली. दर आठवड्याला रक्त तपासले जाई, आणि अहवाल हाती येईपर्यंत बहीण बाकावर बसत नसे.

चौथ्या महिन्यात बाईंनी मला पुन्हा त्या भुवईवर धरले. छिद्रे मोकळी होती. अहवालही चांगला होता. एका देहाने दुसऱ्याचे दान सांभाळले होते आणि चेहराही परत मिळवला होता. एवढा नाजूक तोल मी याआधी कधी पाहिला नव्हता.

शिंप्याने माझ्यासाठी मऊ कापडाची पिशवी शिवून आणली. आता मी तिच्यात राहते, बाईंच्या खिशात.

मित्रांनो, मला चरे पडू देऊ नका, एवढे मागते. आणि डॉक्टरांकडे जाताना दुखणे घासूनपुसून नेऊ नका. जे तुम्ही पुसून टाकता, ते मलाही मोठे करून दाखवता येत नाही.