तीन तासांचा समुद्र

तुम्ही माझ्या बायकोला तिच्या बहिणीच्या मरणापासून लांब ठेवलंत. वर नियम दाखवलात.

मार्गितने बावीस वर्षं कारखान्यात मासे कापले. खांदा कामातून गेला, तेव्हा तुमच्या खात्याचा आजारभत्ता सुरू झाला. तिची बहीण रागना समुद्रापलीकडे, डेन्मार्कात. मी ज्या फेरीबोटीवर खलाशी आहे, तिनेच तीन तास. रागनाचा कर्करोग हाडांत उतरला, तेव्हा आम्ही दोघं तुमच्या कचेरीत आलो. टेबलामागे ट्रीने नावाची आमची शेजारीण.

"अगं, भत्ता घेऊन परदेशी राहायचे वर्षाचे चार आठवडे तू उन्हाळ्यातच संपवलेस. आता परवानगी नाही मिळायची."

"खांदा तिकडेही तेवढाच दुखेल, ट्रीने."

"मला कळतं गं. पण नियम काय मी केलाय?"

परवानगीशिवाय गेलं तर भत्ता बंद, वर फसवणुकीचा खटला. गावातला एक जण त्यापायी तुरुंगात जाऊन आला होता.

फेब्रुवारीत रागनाच्या नवऱ्याचा फोन आला. दोन दिवस, फार तर तीन.

"चल," मी म्हणालो. "बोटीवर कोण पासपोर्ट बघतंय? उद्या परत येऊ."

"आणि पंधरवड्याच्या फॉर्मवर विचारतात ना, देशाबाहेर होतात का? तिथं काय लिहू?"

"नाही म्हणून लिही."

"खोटं? सरकारला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुझं डोकं फिरलंय का, टोरलाइफ?"

बावळट बाई! पण सरकार आपलंच आहे, हे तिला शाळेपासून तुम्हीच पढवलंत.

मी एकटाच गेलो. रागना शुद्धीवर होती. "मार्गित गाडी लावतेय का रे?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

"मग थांबते," ती म्हणाली. दुपारी गेली. तोंड दाराकडे होतं.

आठ महिन्यांनी तुमचं पत्र आलं. युरोपातल्या देशांशी आपण केलेल्या कराराप्रमाणे आजारी माणूस त्यांतल्या कुठल्याही देशात जाऊ शकत होता, भत्त्यासकट. कायदा कित्येक वर्षं होताच. तुम्ही तो चुकीचा वाचलात. दिलगीर आहात.

मार्गितने पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे विचारायचीच गरज नव्हती?"

मी पत्र घडी करून पाकिटात घातलं.

"तू लिही त्यांना," ती म्हणाली. "माझा हात उठत नाही."

म्हणून लिहितोय. भरपाई नको, दिलगिरी नको. कायदा तुमच्या कपाटात पडून असताना त्या दुपारी मार्गितला घरी कुणी बसवलं? नाव लिहून कळवा. खात्याचं नको, माणसाचं.