बिनखताचा वाफा

“या वाफ्यात युरिया कोणी टाकला?” हर्षलाने कामावरच्या बायांना विचारलं.

कशेळ्याच्या अलीकडे, भाड्याच्या शेतात हर्षलाने किराईत लावली होती. तापावरचं कडू झाड. कॉलेजच्या अभ्यासासाठी काही वाफे दाट, काही मोकळे. कोणाला खत जास्त, कोणाला कमी. दाट लावलेल्या एका वाफ्याला मात्र काहीच द्यायचं नव्हतं. खताने काय फरक पडतो ते त्याच्यावरूनच कळणार होतं. आज तोच वाफा शेजारच्यांइतका हिरवागार उभा होता.

मुकादम संतोष बायांवर ओरडला, “बोला गं! कोन एवडी दानशूर हाय?”

ठाकूरवाडीची चिंधी पुढे आली. “मी टाकला, बाई. पाटीच्या तळाला उरायचा, तो.”

“का पण? सांगितलं होतं ना, चिंधीताई!”

“समद्यांना द्यायचं नि ह्याच्याच म्होरनं पाटी घेऊन जायचं... माजा जीव नाय झाला.”

“झाडं काय पाटीकडं बगत व्हती व्हय गं?” संतोष हसला. एकटाच.

चिंधीची पोर जना तीन वर्षांची. अंगणवाडीत तिचं वजन दर खेपेला तक्त्याच्या लाल पट्ट्यात येतं. सेविका ते लिहून घेते आणि पुढच्या पोराला हाक मारते. लिहून कोणाचं पोट भरलंय? जनाला काही देऊ नका, असं कुठल्याच कागदावर नाही. तरी ती बिनखताचीच आहे.

हर्षला बांधावर बसली. “माझं वर्ष गेलं,” ती म्हणाली. “संतोष, उद्यापासून या नकोत.”

चिंधी तिच्यापुढे उकिडवी बसली. भाताची लावणी उरकलेली, कापणी लांब. मधल्या दिवसांत वाडीला दुसरं काम नसतं.

“काम नका काडू, बाई. घरी जना हाय. पुडल्या टायमाला त्या वाफ्याला कायच नाय देनार. उपाशी ठेवीन. तुमी सांगाल तेवडं उपाशी ठेवीन.”

हर्षलाने मान फिरवली.

“हा वाफा उपट नि जा,” संतोष म्हणाला.

चिंधी उपटू लागली. मुळं माती सोडेनात. दाटीत वाढलेली ती रोपं तिने बांधाच्या सावलीत ऐसपैस, सुटी सुटी मांडली. मग पाटाच्या पाण्यात गोणपाट भिजवलं आणि त्यांच्या मुळांवर पांघरलं.