कमळामागचं नाव

मित्रांनो, लग्नात ज्याला मोठ्या मानानं मधोमध उभं करतात आणि ऐन रंगात आलं की बाजूला ओढून घेतात, तो मी. जुना अंतरपाट. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीला एकमेकांचं तोंड दिसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. आडवं येण्याबद्दल मान मिळणारा माझ्यासारखा दुसरा कोणी मी तरी पाहिला नाही.

माझा जन्म नागपुरातल्या एका गिरणीत झाला. तेव्हा मी साधा मांजरपाटाचा तुकडा होतो. १९७० च्या दसऱ्याला सक्करदऱ्याच्या शामलानं मला अडीच वार मापून घरी नेलं. तिचं नुकतंच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मुलाचं नाव मुकुंद. आपल्या लग्नातली सजावट आपल्या हातचीच असेल, बाजारची एक वस्तू चालायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पतंगी कागदाच्या पताका, काचेच्या नळ्यांचं तोरण, रुखवतात मांडायला काडेपेटीच्या काड्यांचं तुळशीवृंदावन, असा सगळा पसारा घरभर मांडलेला असे.

"अवं, मांडवबी तूच गाडशीन का?" तिची आई रंभाबाई विचारी.

"खड्डे खणून दे, गाडीन," शामला म्हणे.

पण तिचा खरा जीव माझ्यावर. चारही कडांना तिनं हिरवी वेल भरली, कोपऱ्यांत चार मोर बसवले. एका मोराची मान आखूड झाली, पण त्याचं दुःख त्यानं करावं, मी नाही. आणि मधोमध लाल दोऱ्यानं, साखळी टाक्यात, तिनं एक नाव काढलं. मुकुंद. बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी रीत. कापडावर काढू नये असं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पौषात मुलाकडून निरोप आला, जमत नाही. कारण काही सांगितलं नाही. साक्षगंध मोडलेली मुलगी म्हटलं की त्या काळी अख्ख्या गल्लीत कुजबुज चाले. शामला दोन दिवस माझ्यात तोंड खुपसून रडली. तिसऱ्या दिवशी तिनं माझी घडी घातली आणि मला ट्रंकेत टाकलं.

चैत्रात दुसरं स्थळ आलं. रुपराव, गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला. बाहेरगावी जाणारी कापडाची गाठोडी दाभणानं शिवून देणं हे त्याचं काम. शामलाला तो मनापासून आवडला. ती गुणगुणत पुन्हा पताका कापायला बसली, तेव्हाच मी ओळखलं. पण तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, आधीच्या साक्षगंधाची गोष्ट त्या लोकांना सांगितलीच नाही.

"आधी सांगशीन तर हेबी मोडते," ते म्हणाले. "मांगून कळलं तर कळलं."

शामला पताका कापत राहिली. हा मुलगा हातचा जाईल, ही भीती तिलाही होतीच.

लग्न पंधरा दिवसांवर आलं. तिनं माझ्यावरचं नाव उसवायला घेतलं, पण पहिल्याच अक्षराला माझे धागे सुटायला लागले, आणि स्वस्ताच्या दोऱ्याचा रंगही कापडात उतरलेला. नवा अंतरपाट भरायला वेळ नव्हता. बाजारचा आणायचा तर नाव काढू नका! मग तिनं नावावरच गुलाबी दोऱ्याचं दाट कमळ भरलं. दोरा अपुरा, म्हणून सगळे टाके वरच्या वर घेतले, मागे दोरा जाऊच दिला नाही. समोरून बघाल तर नुसतं कमळ. मागून मात्र ते लाल नाव जसंच्या तसं होतं, फक्त उलटं. मागची बाजू आपल्याकडं ठेवायची, मग कोणाला काय दिसणार, असं तिनं ठरवलं. मला धरायला तिचे मामा, देवराव, उभे राहणार होते. त्यांना तिनं दोनदा बजावलं, "मामा, कमळ नवरदेवाकडं."

मामांनी मान डोलावली. पण मांडवात मला हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पोरीनं एवढं जीव लावून भरलं, अन् पाहीन कोण? नवरदेव?" ते दुसरं टोक धरणाऱ्याला म्हणाले. "जिच्या हातचं आहे तिले पाहू दे."

आणि त्यांनी मला फिरवलं. प्रेमापोटी माणूस काय घोटाळा करील, सांगता येत नाही. कमळ शामलाकडं, उलटी बाजू रुपरावकडं.

शामलानं मान वर केली, तर समोर कमळ. म्हणजे नाव पलीकडं! "मामा," ती पुटपुटली, पण मंगलाष्टकांत ते कोणाला ऐकू जाणार! हातात हार, चहूकडून अक्षता, जाणार कुठं? पलीकडं रुपराव. कापडवाला माणूस कापडाची उलटी बाजू आधी पाहतो. त्यात दुकानाच्या काचेवरचं नाव रोज आतून उलटं वाचायची त्याला सवय. दुसरं मंगलाष्टक संपायच्या आत त्याचे डोळे त्या अक्षरांवर थांबले. मला घाम येत नाही. येत असता तर त्या दिवशी मी भिजलो असतो.

मला ओढून घेतलं. रुपरावनं हार घातला. पंगतीत शेजारी बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मुकुंद कोण?"

दुसऱ्या मामाचं नाव आहे, म्हणून सांगता आलं असतं. शामलानं तसं केलं नाही.

"माझं साक्षगंध झालं होतं त्याच्यासंगं. त्यानं मोडलं. बाबांनी तुम्हाले सांगितलं नाही, अन् मीनंबी नाही. तुम्हीबी नाही म्हणान, याचं भेव वाटलं."

"हं," रुपराव म्हणाला आणि जिलेबी खाऊ लागला. पुढचे चार दिवस तो एवढंच बोलत होता.

पाचव्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. दुपारी त्यानं मला शामलाच्या ट्रंकेतून ओढून काढलं. हातात दाभण, खांद्यावर पांढरं कापड. शामला सैपाकघराच्या दारात थिजली. आता हा मला टराटरा फाडणार, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. त्यानं मला पालथं घातलं, माझ्या पाठीवर ते कापड अंथरलं आणि गाठोडं शिवावं तसे हे एवढाले टाके घालू लागला.

"काय करून राहिले तुम्ही?"

"अस्तर लावून राहिलो. पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे. समद्या म्हणतील, वहिनीचा अंतरपाट आणा. माय पाहीन, आत्या पाहीन. मंग तू एकेकीले सांगत बसशीन का?"

शामलाला रडू फुटलं.

"तू मले खरं सांगितलं, तेवढं पुरे आहे," तो म्हणाला. "पण आधी सांगावं लागत होतं वं."

"हो."

"मंग रडून काहून राहिली? दोरा ओवून दे."

सासूनं, प्रयागबाईनं, अस्तराचं विचारलं, तेव्हा त्यानं "कसर लागू नये म्हणून" असं सांगून टाकलं.

त्यानंतर त्या घरातली अकरा लग्नं माझ्याआड लागली. बायका कमळाचं कौतुक करत, अस्तराकडं कोणी बघत नसे. पुढं मंगल कार्यालयांतून जरीचे, मखमलीचे तयार अंतरपाट मिळू लागले. मी ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडलो. कित्येक वर्षं मला कोणी ऊनसुद्धा दाखवलं नाही.

मग १९८९ च्या दिवाळीआधी शामलाच्या मुलीनं, प्रेमिलानं, मला बाहेर काढलं. ती तेव्हा नववीत होती.

"आई, हे कोणी शिवलं? पोतं शिवल्यावानी! उसवून नवीन लावून देतो," असं म्हणत तिनं कात्रीनं एक टाका कापलासुद्धा.

शामला कणकेच्या हातानं धावत आली आणि तिनं पोरीचं मनगट धरलं.

"हात नको लावू! तुह्या बाबांनं लावलं ते."

"पण किती वाकडंतिकडं आहे!"

"असू दे. माह्या लग्नात माह्या हातचं पुष्कळ होतं. माह्यासाठी कोणी हातानं केलेलं, ते एवढंच."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं कापड पडलेलं असेल. त्याला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि त्यावर कुठं वेडावाकडा टाका दिसला, तर कात्री घेण्याआधी घरात विचारा, हा कोणी घातला म्हणून.

तो कापलेला टाका शामलाला चुटकीसरशी घालता आला असता. पण तिनं मला तसंच खाटेवर पसरून ठेवलं, शेजारी दाभण ठेवलं, आणि रुपराव दुकानातून यायची वाट पाहत बसली.