भिजवणीचं टाकं

गटारावरून भांडण पेटलं ते सकाळीच. टोपल्या विणणारीने कंबर कसली आणि शेजारच्या शिंपिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्या गटारातले डास आपल्या पोरीच्या जिवावर उठले, हे तिने गल्लीला ओरडून सांगितलं. तिची धाकटी मोठ्या दवाखान्यात पडली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि नवरा तिच्या उशाशी बसून होता. शिंपीण फावडं घेऊन गटार उपसायला लागली.

बिचारी टोपलीवाली तरी काय करणार? धूर केला, पाला जाळला, अंगण दोनदा झाडलं. फक्त परसातल्या टाक्याला हात लावला नाही. त्यात बांबूच्या कामट्या भिजत पडल्या होत्या. जुनं पाणी कामटीचा ताठरपणा मोडतं, असं सासरा सांगून गेला होता, म्हणून ते पाणी कधी बदलायचं नाही, वरून भर घालायची. मागे आरोग्यसेविका पाहणीला आली, तेव्हा हिने टाक्यावर पोतं टाकलं आणि टाकं कोरडं आहे म्हणून ठोकून दिलं.

दुपारी थोरलीने भाकरीचं ताट बाजूला सारलं. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. आईने तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, ते चांगलंच तापलं होतं. धाकटीचंही असंच सुरू झालं होतं. ती धावत जाऊन आरोग्यसेविकेला घेऊन आली. बाईंनी पोरीला पाहिलं, लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं, मग परसात जाऊन पोतं उचललं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"हा डेंग्यूचा डास गटारात नाही वाढत, बाई. त्याला असं टाक्या-पिंपात साठून राहिलेलं पाणी लागतं. नुसतं ओतून भागायचं नाही, अंडी कडेला चिकटून बसतात. घासून काढा."

दवाखान्याची गाडी यायला वेळ होता. टोपलीवालीने कामट्या उपसून फेकल्या, टाकं रिकामं केलं आणि काथ्याने घासायला बसली. रडू आवरेना. आपल्या हातांनी आपण पोरींना मरण पाजलं, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात शिंपीण कुंपणाशी आली. तिचीही पोरगी कालपासून तापली होती. गटार पुरतं उपसलं, आता काही राहिलं नाही, असं ती सांगायला आली होती. तिची पोरगी रोज याच टाक्यापाशी खेळायची.

टोपलीवाली मान वर न करता म्हणाली, "गटाराचं काही नव्हतं गं. सगळं ह्यात होतं. मीच झाकून ठेवलं."

शिंपिणीने हातातलं फावडं भिंतीला टेकवलं, आत आली, काथ्याचा अर्धा तुकडा तोडून घेतला.

"तुझ्याशी भांडायचंय मला," ती म्हणाली, "पण पोरी घरी आल्यावर. सरक, तो कोपरा राहिलाय. गाडी आली की माझीलाही त्यातच घालू."