मी, गफूरभाईंचा पंचवीस वॅट

मित्रांनो, लाकडी मुठीचा आणि तांब्याच्या नाकाचा मी, कथील वितळवून तारा जोडणारा एक जुना सोल्डरिंग आयर्न आहे. पंचवीस वॅटचा. तापायला पाच मिनिटं घेतो, पण एकदा तापलो की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझ्या नाकाला कामाच्या भाषेत बिट म्हणतात. मुठीवर एक खळगा आहे, तो गफूरभाईंच्या अंगठ्याचा.

जळगावात सराफांच्या पेढ्यांमागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मला विकत घेताना दुकानदाराने साठ वॅटचा दांडगा आयर्न पुढे केला होता. गफूरभाई म्हणाले, "तो भांड्यांना डाग द्यायला ठीक. रेडिओतली सर्किटाची पट्टी जाळून टाकेल. मला हा गरीब द्या." मला गरीब म्हटल्याचा राग आला होता, पण निवड अगदी बरोबर होती.

रोज सकाळी ते माझ्या नाकावर कानस फिरवत, राळेत बुडवत आणि कथलाचा पातळ थर चढवत. मग दिवसभर मी चमकत असे. बाजाराच्या दिवशी धुळ्याकडून निंबाभाऊ यायचे. "भाऊ, रेडू बठ्ठा मुका व्हई गया," असं अहिराणीत म्हणत मुका झालेला रेडिओ टेबलावर ठेवायचे. तासाभरात तो गाऊ लागायचा आणि निंबाभाऊ मलाच नमस्कार करायचे.

पुढे घरोघर मोबाइल आले आणि रेडिओ माळ्यावर गेले. गफूरभाईंचा हात थरथरू लागला, दुकान बंद झालं. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

एक दिवस डब्याचं झाकण उघडंच राहिलं आणि मला घर दिसलं. गफूरभाईंची नात अरिबा कॉलेजात जाऊ लागली होती. तिला सर्किटं जोडायचा नाद. टेबलावर तिचा नवा आयर्न डौलात उभा होता, अंगावर उष्णता कमीजास्त करायचं बटण. मी नाक मुरडलं.

गफूरभाईंच्या पत्नी, म्हणजे अरिबाच्या आजी हसीनाबी, यांना ऐकू कमी येत होतं. ही गोष्ट त्यांनी घराबाहेर कुणालाच सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात त्यांची धाकटी बहीण जुबेदा धरणगावहून आली, अर्धा तास दार ठोठावत राहिली आणि तशीच परत गेली. "आपाने मुद्दाम दार उघडलं नाही," असं ती सगळ्यांना सांगत होती. कशीबशी समजूत घातल्यावर ती या शुक्रवारी यायला कबूल झाली. हसीनाबी म्हणाल्या, "या वेळीही ऐकू आलं नाही, तर ती पुन्हा यायची नाही."

म्हणून अरिबाने दिवा करायला घेतला. दाराबाहेरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात पोळपाटाच्या वरचा दिवा लागणार होता. मंगळवारी निम्मं काम झालं. बुधवारी नात कॉलेजात गेल्यावर गफूरभाईंनी तिचा आयर्न हातात घेतला आणि जुन्या सवयीने, मोठ्या मायेने, त्याच्या बिटवर कानस मारली. मी डब्यातून पाहत होतो. ओरडता येत असतं, तर ओरडलो असतो.

कारण माझं नाक निव्वळ तांब्याचं आहे, ते घासावंच लागतं. नव्याच्या नाकावर मात्र लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो खरवडला गेला की आतलं तांबं कथलात विरघळू लागतं. गुरुवारी दुपारी त्याच्या टोकाला खड्डा पडला, टोक काळं झालं आणि कथील त्याच्यावरून गोळी होऊन घरंगळू लागलं. दुसरी बिट सोमवारी येणार होती.

"दुकानदाराने फसवलं मला," अरिबा म्हणाली. "आत्ता जाऊन भांडते."

गफूरभाईंनी तिला दारातच थांबवलं. मग म्हणाले, "त्याचा दोष नाही, बेटा. कानस मी मारली. तुझं काम सोपं व्हावं म्हणून."

"मला विचारायचं तरी, दादा," एवढंच ती आजोबांना म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते. मग तिने डब्याकडे पाहिलं. "हा तापतो का अजून?"

मित्रांनो, मी तापलो! गफूरभाईंनी नाक घासून, राळेचा वास उडवून मला तिच्या हातात दिलं. खिडकी उघडली. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी नुसती जीभ चालवली. "कथील बिटला चारू नकोस. आधी जोड तापव. तीन मोज. आता कथील जोडाला लाव. पातळ होऊन पसरलं? आता आयर्न काढ. आणि गार होईपर्यंत हलवू नकोस." पहिला जोड हलला, मळकट झाला. त्यांनी तो पुन्हा करायला लावला. संध्याकाळी दिवा लागला.

शुक्रवारी अरिबा कॉलेजात होती. गफूरभाई मुद्दाम मागच्या खोलीत बसून राहिले. अकराच्या सुमाराला दिवा पेटला. हसीनाबींनी पिठाचे हात तसेच ठेवून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "दारात कुणीतरी आहे." किती वर्षांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं.

"मागच्या वेळी का नाही उघडलंस?" जुबेदाने उंबऱ्यातच विचारलं.

"ऐकू येत नाही गं मला," हसीनाबी म्हणाल्या.

जुबेदा पाहतच राहिली. मग तिने ते पिठाचे हात आपल्या हातांत घेतले. "इतकंच होतं, आपा?"

मित्रांनो, आता मी नव्याच्या शेजारच्या स्टँडवर असतो. त्याला पुसायला ओला स्पंज, मला घासायला कानस. अवजारांवर माया करा, पण आधी त्यांची रीत विचारून घ्या. काम झालं की नाकावर कथील ठेवा, प्लग काढा आणि हात धुवा.

गफूरभाई हल्ली दिवसातून दोनदा बाहेर जाऊन बटण दाबतात. हसीनाबी दार उघडून म्हणतात, "घरातच तर होता ना?"

"दिवा लागतो का, ते पाहत होतो," असं म्हणून ते आत येतात.