गुणाबाईची दाढ

“पनवेलपासून उरणपर्यंत धवला म्हणावा तो आमच्या गुणाबाईनं. हिच्यासमोर बसलेली एक नवरी आजवर कोरड्या डोळ्यांनी उठली नाय,” असं बुधाजीनं दातांच्या डॉक्टरांना छाती पुढं काढून सांगितलं. त्याच वेळी डॉक्टरांनी गुणाबाईचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि वाकून आत पाहिलं. डॉक्टरांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

ते मागे सरले. खिडकी उघडीच होती, ती त्यांनी पुन्हा एकदा उघडून पाहिली, चष्मा पुसला आणि नाकावर रुमाल बांधला. हे परचुरे डॉक्टर दर गुरुवारी मुंबईहून यायचे आणि बाजारपेठेत एका कापडवाल्याच्या माडीवर आपली खुर्ची मांडायचे. पनवेलकरांची तोंडं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण असं तोंड त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

“किती वर्षं आहे हा वास?” त्यांनी विचारलं.

गुणाबाईनं तोंड मिटलं. “कसला वास?”

डॉक्टरांनी बुधाजीकडं पाहिलं. बुधाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. त्याला वाचता येत नव्हतं.

गुणाबाई आली होती ती गालाला सूज आली म्हणून. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं विषय सुजेकडं नेला. खालची अक्कलदाढ ऐन तरुणपणी यायला निघाली होती, पण जागा न मिळाल्यानं अर्ध्यात अडकून बसली होती. वरून हिरडीचा पडदा, खाली खिसा. त्या खिशात भाताचं शीत जातं, सुका जवळा जातो, आणि गेलेलं काही परत येत नाही. तिथंच कुजतं.

“दाढ काढली की दुखणं जाईल,” डॉक्टर म्हणाले आणि हळूच जोडलं, “आणि बाकीचंही जाईल. आत्ता सूज आहे, हात लावता येणार नाही. आठवडाभर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा. पुढच्या गुरुवारी बघू. मीठ आहे ना घरी?”

मिठागरावर ज्याचा जन्म गेला त्या बुधाजीनं, आहे थोडं, म्हणून सांगितलं.

खांदा गावाला परतताना पनवेलचं तळं मागं पडेपर्यंत गुणाबाई बोलली नाही. पदर तोंडावर धरून ती पुढं चालत होती आणि बुधाजी मागं. एरवी तो पुढं चालायचा.

“तुमाला ठावं होतं,” ती शेवटी म्हणाली.

“थोडं थोडं.”

“कवापासून?”

“लग्नात नव्हतं. मंग आलं.”

ती थांबली. जेवायला बसण्याआधी हा माणूस दारात उभा राहून वारा कुठला ते बघायचा आणि मग पाट मांडायचा. कधी पूर्वेला, कधी चुलीकडं, एकदा तर थेट गोठ्याच्या तोंडाशी. मिठागरावरचा माणूस, वारा बघणारच, असं तिला वाटत आलं होतं. शेजारणींना तिनं ते कौतुकानं सांगितलंही होतं. शेजारणी हसल्या होत्या. तेव्हा तीही हसली होती.

“सांगितलं का नाय मना?”

बुधाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “तू गात होतीस,” तो म्हणाला. “गानाऱ्या बाईला काय सांगायचं?”

गुणाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडव उभा राहण्यापासून नवरी वेशीबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी. तिनं म्हटल्याशिवाय विधी पुढं सरकत नाही. बाकीच्या धवलारणी मांडवाच्या कडेला बसून गळा मोकळा सोडतात. गुणाबाईची रीत निराळी होती. तिच्या आत्यानं तिला शिकवलं होतं की धवला नवरीसाठी असतो, मांडवासाठी नसतो. म्हणून हळदीच्या वेळी ती नवरीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे, कपाळाजवळ कपाळ नेई आणि सगळे धवले तिच्या तोंडावर म्हणे. नवरी मान फिरवी, पदरात नाक खुपसी, आणि थोड्याच वेळात तिचे डोळे भरून येत. मांडवातल्या बाया समाधानानं एकमेकींकडं बघत. हळदीला नवरी रडली नाही तर सासरी रडते असं सगळ्या मानत, आणि गुणाबाईच्या हातून अशी कोरडी एकही पोर सासरी गेली नव्हती. कळंबोलीच्या पाटलाकडची सुपारी तिला याच कीर्तीवर आली होती. हळद पुढल्या गुरुवारनंतरच्या रविवारी होती.

आता रोज सकाळी गुळण्या करता करता गुणाबाई त्या नवऱ्या आठवू लागली. तिनं त्यांचे ओले पदर पाहिले होते, पण चेहरे तिला सांगता आले नसते. प्रत्येकीचा तिला फक्त कान दिसला होता.

तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या भामाकडं गेली. भामा त्या घरची सून. तिच्या हळदीचे धवले गुणाबाईनंच म्हटले होते. भामा भात पाखडत होती. गुणाबाई मुद्दाम लांब, उंबऱ्यावर बसली.

“भामे, तुझ्या हळदीला तू रडलीस ती कशानं?”

“सगळ्याच रडतात, मावशे.”

“मी तुझं विचारतंय.”

भामानं सूप खाली ठेवलं. खोटं बोलायचा तिचा विचार दिसत होता, पण तिला ते जमत नसे. “आयेनं सांगितलेलं,” ती म्हणाली, “गुणामावशी जवल आली की दम रोखून धर, तोंड फिरव, डोळ्यांना आपोआप पानी येतं. कांदा नको, काय नको. म्हनून तर समदी तुलाच बोलावतात. हौसाक्का धवलारनीचा आवाज बरा हाय, पन तिच्या पुढ्यात आमची नणंद कोरडीच ऱ्हायली. किती बोलणी खाल्ली बिचारीनं.”

“आनि गानं?”

“कंचं गानं?” भामा म्हणाली, आणि मग तिनं घाईघाईनं सूप उचललं.

गुणाबाई घरी आली ती सरळ चुलीपाशी बसली. चूल पेटवली नाही. मनाशी हिशेब फार सोपा होता आणि त्यातच सगळी अडचण होती. एवढी वर्षं नवऱ्या रडत होत्या त्या धवल्यानं की दाढेनं? धवल्यानं असेल तर दाढ गेली काय नि राहिली काय. दाढेनं असेल तर ती धवलारीण नव्हतीच. नुसतं एक कुजकं हाड वाजतगाजत गावोगाव फिरत होतं आणि लोक त्याला पाट मांडत होते.

बुधाजी मिठागरावरून आला, वारा न बघता तिच्यासमोर बसला, आणि त्यानं आपला विचार सांगितला. त्यावर त्यानं दिवसभर मेहनत घेतलेली दिसत होती.

“गुरवारी नको जाऊ. आधी कळंबोली उरकून घे. मंग दाढ काढ.”

“का?”

“पाटलाचं घर हाय. दोन गावची मान्सं येनार. हौसा पन येनार, नुसती ऐकायला म्हनून. तिथं पोर रडली नाय तर तुला पुन्ना कोन बोलावनार नाय. एवडी वर्सं काढलीस, आनखी चार दिवस ठेव तोंडात. कुनाचं काय जातं?”

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. गुणाबाईनं विचार करून पाहिलं, तिलाही काही सापडलं नाही.

“आनि दाढ नसताना रडली तर?” ती म्हणाली.

बुधाजीनं चुलीतली राख काडीनं उकरली. “तर काय,” तो म्हणाला. “तर बरंच.” पण त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता हे त्याच्या कानाच्या पाळ्यांवरून दिसत होतं, त्या अशा वेळी लाल होत.

गुरुवारी ती एकटीच पनवेलला गेली. परचुरे डॉक्टरांनी सुई टोचली, पाय रोवले आणि बराच वेळ ओढाताण केली. खाली कापडवाल्याकडं लुगडी बघणाऱ्या बाया वर माडीकडं बघू लागल्या. दाढ निघाली तेव्हा डॉक्टरांनी ती कागदात गुंडाळून द्यायला पुढं केली. काही लोक नेतात, म्हणाले. गुणाबाईनं त्या मळक्या, वाकड्या तुकड्याकडं पाहिलं. हळदीत एवढ्या पोरींना रडवायला ते फारच लहान वाटत होतं.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच,” ती कापूस चावत म्हणाली.

कळंबोलीच्या मांडवात रविवारी दुपारी माणूस मावत नव्हतं. पाटलाची बायको चंद्रावती सगळ्यांना बसवत, उठवत, पुन्हा बसवत होती. हौसा मागच्या रांगेत पान लावत बसली होती. गुणाबाईला पाहून तिनं मान लववली, ती जरा जास्तच खाली. नवरी गोदू, चंद्रावतीची लेक, पाटावर बसली. हात, पाय, गळा हळदीनं माखून झाले. बायांनी गुणाबाईला वाट करून दिली. पुढच्या ओळीतल्या दोघीतिघी सवयीनं मागं सरकल्या.

गुणाबाई गुडघ्याला गुडघा लावून बसली. गालाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. ती कपाळ पुढं नेताना कचरली, मग नेलं, आणि पहिला धवला धरला.

गोदूनं ठरल्याप्रमाणे मान फिरवली. आईनं शिकवलं असणार. तिनं दम रोखून धरला, वाट पाहिली. मग हळूच थोडा श्वास घेतला. मग पुरता घेतला. आणि चकित होऊन मान सरळ केली.

गुणाबाईसमोर एक चेहरा होता. भिवईपाशी लहानपणची खोक, हनुवटीवर हळदीचा ओघळ, आणि दोन डोळे, एकदम कोरडे, तिच्याकडंच बघणारे. एवढ्या जवळून आपल्या तोंडाकडं कुणी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

पहिला धवला संपला. दुसरा संपला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी “अजून नाय?” असं कुजबुजलं आणि कुणीतरी “नाय गो,” म्हटलं. हौसानं पान तोंडात घातलं नाही, हातातच धरून ठेवलं. चंद्रावती कामं सोडून पाटाजवळ आली.

“गुणाक्का, आनखी एक म्हणा,” ती म्हणाली. आवाज गोड होता, पण बोटं पदराचं टोक पिळत होती.

म्हणजे दाढच होती. गुणाबाईला उत्तर मिळालं होतं. उठून जावं असं तिला वाटलं, आणि उठायचं तर आधी हात टेकायला हवा म्हणून ती जागा शोधू लागली. पण धवला अर्धवट टाकून धवलारणीनं उठायचं नसतं. तिनं खाडीचा धवला धरला. तो आत्याचा होता, तो ती सगळ्यात शेवटी म्हणत असे. तोवर नवऱ्या पदरात पुरत्या बुडालेल्या असत.

*भरती आली खाडीला, बाय, ओहटी पन येईल गो,*
*आयेचे दारचं पानी तुझं पाऊल पुसून नेईल गो.*

इथं ती थांबली. गोदू तिच्याकडं टक लावून बघत होती, ओठ किंचित उघडे, गोष्ट ऐकताना असतात तसे. गुणाबाईला पुढचे शब्द आठवत होते; पण समोर कुणी ऐकत असताना ते म्हणायची तिला सवय नव्हती.

“मंग?” गोदू हळूच म्हणाली.

*पाऊल पुसलं म्हनून, बाय, वाट नाय पुसली गो,*
*खाडीपल्याड आये तुझी दिवा लावून बसली गो.*

मांडव शांत होता. ही शांतता चांगली की वाईट, ते कुणाला ठरवता येत नव्हतं.

“हे कडवं माज्या वक्ताला म्हटलं नव्हतं तुमी,” चंद्रावती म्हणाली.

गुणाबाईनं वर पाहिलं. चंद्रावतीची हळदही तिनंच गायली होती. तेव्हाचा कान तिला आठवला.

“म्हटलेलं,” ती म्हणाली.

चंद्रावतीनं पिळलेलं पदराचं टोक सोडलं. ती लेकीच्या पाटामागं, तशीच मातीत, खाली बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. गुणाबाईनं तिच्याकडं पाहण्याआधी, धूर नाही याची खात्री असावी म्हणून, चूल कुठं आहे ते पाहिलं. चूल मांडवापलीकडं होती, आणि विझलेली होती.

“रडली गो,” मागून एक म्हातारी म्हणाली.

“ती आये हाय. नवरी नाय.”

“रडल्याशी मतलब.”

यावर मांडवात दोन तट पडले आणि दोन्हीकडून एकदम बोलणं सुरू झालं. हौसानं पान तोंडात घातलं, पण ती चघळत नव्हती. तिची नजर चंद्रावतीवरच होती. बुधाजी पुरुषांच्या घोळक्यात उभा होता आणि कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं. त्याला ऐकू जात नव्हतं.

गुणाबाईनं गुडघा हलवला नाही. आता पुढचा विधी सुरू व्हायचा होता, आणि तो तिनं म्हटल्याशिवाय सरकणार नव्हता. तिला वाटलं, या पोरीला काहीतरी सांगावं. एवढ्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं असं काहीतरी. काय ते तिला नीट ठरवता येईना. तेवढ्यात गोदूच पुढं वाकली, इतकी की दोघींची कपाळं टेकली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

“मावशे, माजं हात हळदीनं भरलेत. नाक खाजवतंस का जरा?”