ट्रायलोच्या नावाचे थेंब

माझा नवरा ट्रायलो मरायच्या आधी नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. कर्करोगाने हाडं पोखरली होती, पण जीभ शाबूत होती. रुसला होता माझ्यावर. कारण काय, तर थेंब. नर्सबाईने कागदावर लिहून दिलं होतं: दुखण्यावरचे थेंब वीस, दिवसातून चारदा, वर एकही नाही. तो म्हणायचा, "पर्सिदा, अजून दहा टाक गं." मी म्हणायचे, "कागदावर नाही." तीस वर्षं खाणीच्या खानावळीत पळी मोजून वाढलंय मी, हात सैल सोडायची सवयच नाही. जित्याची खोड! शेवटी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तसाच गेला मेला. एक शब्द नाही.

बाटली अर्धी उरली. तिच्याकडे बघवेना मला.

चाळिसाव्या दिवशी आम्ही मेलेल्याच्या वस्तू त्याच्या नावाने वाटतो. घेणारा नुसता हात असतो, वस्तू पोचते तिकडे. कोट दिराला दिला, म्हणजे ट्रायलोला तिकडे थंडी नको. रेडिओ शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. आणि थेंबांची बाटली दिली फ्लोरिकाला.

फ्लोरिका माझी लहानपणापासूनची मैत्रीण, कुंपणापलीकडे राहते. वीस वर्षं व्हिएन्नात लोकांच्या फरशा पुसून कंबर मोडून परत आली. पाठीला हात लावून "आई गं" म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही.

"हे ट्रायलोपर्यंत पोचो," मी म्हटलं.

"पोचो," ती म्हणाली आणि बाटली ॲप्रनच्या खिशात टाकली. "किती घ्यायचे गं?"

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात फ्लोरिकाची पाठ नव्हतीच. तिच्या घशातून उतरलेला थेंब न् थेंब त्याला मिळणार होता. मी नाकारलेले ते दहासुद्धा, आणि वर दहा व्याजाचे.

"चाळीस घे," मी म्हटलं. "चारदा. हात आखडता घेऊ नकोस."

"अगोबाई! तू आणि असं म्हणतेस?" ती हसली. "सूर्य कुठे उगवला आज?"

नर्सबाईचा कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती नेहमीसारखी कॉफीला आली. घामाने निथळत होती. कप उचलला तर अर्धी कॉफी मेजावर.

"काय गं, सकाळीच ब्रँडी मारून आलीस का?"

"गप गं. रात्रभर पोट ढवळतंय. डोळ्याला डोळा नाही." मेजाखाली तिचे पाय आपोआप उडत होते, शिलाई मशीन चालवावी तसे. डोळ्यांच्या बाहुल्या या एवढ्या मोठ्या झालेल्या. मग ती चुलीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"पर्सिदा, ट्रायलो बसलाय गं तिथे."

फोन फळीवरच होता, हाताच्या अंतरावर. तेव्हाच उचलायला हवा होता. पण थेंब पोचले, तो आला, एवढंच माझ्या डोक्यात. गावात कुणालाही विचारा, कुणीही हेच म्हणालं असतं. मी मेणबत्ती लावली. खुर्चीपुढे ब्रँडीचा पेला ठेवला. ज्योत हलली की मला वाटे, त्याचाच श्वास.

"कसा दिसतोय?"

"घामेजलाय. पर्सिदा, मला बरं वाटत नाही गं."

"दुखतंय का अजून, विचार त्याला."

"माझं अंग बघ किती तापलंय..."

"विचार आधी!" मी ओरडले. कशी ओरडले ते अजून कानात आहे. "विचार, माझ्यावर राग आहे का? बोल म्हणावं मेल्या, नऊ दिवस बोलला नाहीस!"

बारा वाजले. एक वाजला. तिचे दात कडकड वाजत होते, कपडे ओले झाले होते, आणि मी तिचं मनगट धरून तेच तेच विचारत होते. भूत मला दिसत नव्हतं, पण त्या खोलीत मी त्याला गेल्या चाळीस वर्षांत कधी एवढं जवळ जाणलं नव्हतं.

शेवटी ती खुर्चीकडे बघत म्हणाली, "म्हणतो, आता दुखत नाही. म्हणतो, राग नाही."

मी मेजावर डोकं टेकलं आणि रडले. किती वेळ रडले, देव जाणे. धाडकन आवाज झाला तेव्हा वर पाहिलं. फ्लोरिका जमिनीवर होती, ताठ झालेली, झटके देत, तोंडाला फेस. तेव्हा केला मी फोन.

इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, "ही काय काय घेते?"

मी थेंबांचं सांगितलं. चाळीस म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आणखी काही?"

"व्हिटॅमिनच्या गोळ्या. व्हिएन्नाहून लेक पाठवते." तिच्या खिशातली डबी मी पुढे केली.

त्याने गोळ्या हातावर ओतल्या, उलटसुलट केल्या आणि माझ्याकडून नंबर घेऊन लेकीला, दानियेलाला, फोन लावला. मग मला म्हणाला, "आजी, या व्हिटॅमिनच्या नाहीत. उदासीवरच्या आहेत. या गोळ्या आणि ते थेंब, दोन्ही मेंदूत एकच रसायन वाढवतात. एकत्र आले की ताप, थरथर, झटके. नसलेली माणसं दिसतात. हे सुरू कधी झालं?"

"अर्धा तास झाला असेल," मी म्हटलं.

त्याने तसंच लिहून घेतलं.

चार दिवस ती यंत्रांना जोडलेली होती. त्या चार दिवसांत माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीकडे पाठ करून जेवले मी. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, भेटा.

फ्लोरिका उशीला टेकून बसली होती, अर्धी झालेली. "लोक वेडी म्हणतील म्हणून लपवल्या गं गोळ्या," ती म्हणाली. "तुझ्यापासून तरी नको होत्या लपवायला."

मला राहवेना. "फ्लोरिका, मी दोन तास फोन केला नाही. डॉक्टरला खोटं सांगितलं. कपाळ माझं! मला त्याचं उत्तर हवं होतं."

"माहीत आहे. मी तिथेच होते ना."

"पण त्याने माफ केलं गं मला. तुझ्या तोंडून केलं."



"तो बसला होता हे खरं. मला दिसला," ती म्हणाली. "पण तो काही बोलला नाही, पर्सिदा. तुझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ते मी बोलले. म्हटलं, हिला एकदा उत्तर मिळालं की ही फोन करेल."

मी तिचं मनगट धरायला गेले, तिने हात चादरीखाली घेतला.

"आणि तू रडत बसलीस," फ्लोरिका म्हणाली.